दोन मीटर खणूनही मुरूम लागेना : पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीविषयी

पूर्णाकाठ | १२ मे

आमचे वावर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात आहे. शेततळ्याची जागा पक्की करण्यापूर्वी गेल्या आठवड्यात जेसीबीने एक चाचणी खड्डा घेतला. दोन मीटर खाली गेल्यावरही मुरूम लागला नाही. वरून खालपर्यंत नुसती काळी चिकणमातीच होती. खड्ड्याची एक बाजू खुरप्याने साफ करून मी निवांतपणे पाहिली आणि जे दिसले ते येथे लिहीत आहे.

वरची पंधरा-एक सेंटिमीटर माती ज्वारीच्या दाण्यासारखी भुसभुशीत आहे. तिच्याखाली माती खांबांसारखी उभी फाटली आहे आणि दोन खांबांमधली भेग वरच्या बाजूला चार बोटे रुंद आहे. एका भेगेत सळई सोडली, तर ती ९० सेंटिमीटर गेली. साधारण ६० सेंटिमीटरच्या खाली मातीचे मोठे तिरके तुकडे सुटतात. त्यांच्या बाजू इतक्या गुळगुळीत आणि चकाकत्या आहेत, की कोणी तेलाचा हात फिरवला असावा असे वाटते. त्याखाली चुनखडीचे खडे सुरू होतात. आधी ज्वारीएवढे, मग सुपारीएवढे. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे ७० सेंटिमीटरवर, बुजलेल्या एका भेगेत, खताच्या पिशवीचा निळा तुकडा सापडला. आमच्या हयातीत त्या खोलीपर्यंत कोणी नांगर घातलेला नाही.

तळाची माती मे महिन्यातही हाताला गार आणि ओलसर लागते. तरीही याच वावरातला हरभरा जानेवारीत घाटे भरायच्या वेळी माना टाकून बसला होता. खाली ओल असताना पीक का वाळावे आणि इतक्या खोलीवरही मुरूम का लागू नये, या दोन प्रश्नांसाठी हा धागा काढला आहे.

मुरुमाड | १२ मे

आमची शेती सिन्नरच्या बाजूला आहे आणि तिथे दोन-अडीच फुटांवर मुरूम, त्याखाली कच्चा खडक, असा ठरलेला क्रम असतो. रंगाने आमचीही जमीन काळीच आहे. दोन्हीकडची माती ज्वालामुखीच्या खडकापासून झाली असे शाळेत शिकलो होतो. मग आपल्याकडे दोन मीटर आणि आमच्याकडे दोन फूट हा फरक कशाने पडला? शिवाय ‘ज्वालामुखीची माती’ म्हणजे राखेची माती असाही एक समज ऐकू येतो, त्यात तथ्य आहे का?

मृदगंध | १३ मे

मृदा सर्वेक्षणाच्या कामात उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

राखेचा समज आधी दूर करू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने व्यापला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. आपली काळी माती त्या खडकाची झीज आहे, राख नव्हे. राखेचे थर महाराष्ट्रात आहेत; पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी येथील थर प्रसिद्धच आहे आणि त्याच्या वयावरून अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. परंतु ती राख दूरच्या उद्रेकातून येऊन नदीच्या गाळात अडकलेली आहे. आपल्या कापसाच्या काळीशी तिचा संबंध जोडू नये.

आता खोलीचा प्रश्न. मुरुमाड यांच्या शेतातली माती बहुतांशी जागच्या जागी, खालच्या खडकाच्या झिजेतून तयार झालेली असणार. तिथे मुरूम हा खडक आणि माती यांच्यामधला टप्पा असतो, म्हणून तो लागतोच. पूर्णेच्या खोऱ्याची गोष्ट निराळी आहे. सातपुड्याच्या, म्हणजे गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी भूकवचात मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या दक्षिणेचा पट्टा खचत गेला आणि त्या खोलगटात उत्तरेच्या डोंगरांतून व दक्षिणेच्या अजिंठ्याच्या रांगांतून आलेल्या नद्या-नाल्यांनी बेसॉल्टचा गाळ आणून भरला. काही ठिकाणी हा गाळ ३०० मीटरहूनही जाड आहे. नदीपासून लांब, संथ पाण्यात सर्वांत बारीक कणच खाली बसतात. आपले वावर अशाच बारीक गाळावर आहे. दोन मीटरवर मुरूम शोधणे म्हणजे भरलेल्या कणगीच्या वरच्या थरात कणगीचा तळ शोधणे होय.

या गाळात चिकणकणांचे प्रमाण सामान्यतः निम्म्याहून अधिक, कित्येकदा साठ टक्क्यांच्या आसपास असते. पण प्रमाणापेक्षाही त्या कणांची जात महत्त्वाची आहे. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. अशा खडकाची झीज होताना हे घटक पूर्णपणे धुऊन गेले नाहीत, तर स्मेक्टाइट गटातले चिकणखनिज तयार होते. त्याचा प्रत्येक पापुद्रा सिलिकाच्या दोन पाट्या आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनाची एक पाटी असा रचलेला असतो, आणि दोन पापुद्र्यांमधली पकड इतकी सैल असते की पाणी थेट त्यांच्यामध्ये शिरते. माती फुगते ती यामुळे. या खनिजाच्या एका ग्रॅमचे आतले-बाहेरचे सगळे पृष्ठ उलगडले, तर ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. म्हणजे पाच-सहा ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटमध्ये एक एकर जागा घडी घालून ठेवलेली असते.

आपण पाहिलेले चकाकते तिरके पृष्ठ हे या मातीचे ओळखपत्र आहे. पावसाळ्यात खालचा थर फुगू पाहतो; वर मातीचे ओझे, बाजूंना तशीच फुगणारी माती, अशी कोंडी झाल्यावर तो तिरका सरकतो आणि एक ढेप दुसरीवर घासली जाऊन पृष्ठ गुळगुळीत होते. जगभरच्या वर्गीकरणात या जमिनींना व्हर्टिसॉल म्हणतात. हे नाव ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे, कारण वरची माती भेगांतून खाली पडते आणि खालची फुगून वर ढकलली जाते. पिशवीचा निळा तुकडा ७० सेंटिमीटरवर असाच पोहोचला असणार.

मात्र या उलथापालथीचे वर्णन पुस्तकांत जरा वाढवून केलेले असते असे माझे मत आहे. माती खरोखर सतत घुसळली जात असती, तर आपल्याला चुनखडी वर बारीक आणि खाली मोठी अशी क्रमाने दिसली नसती. सगळीकडे सारखीच मिसळलेली आढळली असती.

डवरा | १३ मे

मृदगंध यांचे विवेचन आवडले. मी मूर्तिजापूर तालुक्यात चाळीस वर्षे हीच जमीन कसतो आहे, म्हणून एका शंकेसह काही अनुभव मांडतो. माती इतकी काळी आहे, त्याअर्थी तिच्यात कुजलेला पालापाचोळा, म्हणजे सेंद्रिय अंश भरपूर असला पाहिजे, असे आमच्याकडे सर्वजण धरून चालतात. माती परीक्षणात मात्र सेंद्रिय कर्ब दरवेळी कमीच येतो. रंग खरा की कागद?

आता अनुभव. या जमिनीत मशागतीला मिळणारे दिवस मोजकेच असतात. कोरडी असताना ढेकूळ कुदळीने फुटत नाही, ओली असताना पायाला चिखलाच्या खडावा होतात आणि बैलाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. या दोन अवस्थांच्या मध्ये वाफसा येतो आणि तो हलक्या जमिनीसारखा आठवडाभर थांबत नाही. कधी दोन दिवस, कधी एखादी दुपारच. माझे वडील मूठभर माती दाबून गोळा करत आणि तो कमरेच्या उंचीवरून खाली टाकत. फुटला तर तिफण जुंपायची, चपटा झाला तर घरी परत. मोबाइलवर हवामानाचा अंदाज पाहणारा माझा मुलगाही शेवटी गोळाच करून पाहतो.

पूर्वी आमच्या पट्ट्यात कित्येक वावरे खरिपात पेरतच नसत. वखरणी करून तण मारायचे, पाऊस जमिनीत जिरवायचा आणि आश्विनात हरभरा किंवा करडई पेरायची, अशी पद्धत होती. एकही पाणी न देता त्या ओलीवर पीक निघत असे.

मृदगंध | १४ मे

डवरा, कागद खरा आहे. या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आत, अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. काळेपणा सेंद्रिय द्रव्याच्या प्रमाणामुळे नसून ते स्मेक्टाइटला ज्या प्रकारे घट्ट चिकटून बसते त्यामुळे आहे. थोडासा बुक्का पुष्कळ पीठ काळे करतो तसे हे आहे. टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या काळ्या खनिजामुळे हा रंग येतो, असेही जुन्या लेखनात आढळते. काहीही असले, तरी काळ्या रंगावरून नत्राचा अंदाज बांधू नये. या जमिनींत नत्र कमी असते, स्फुरद चुन्याशी बांधला जाऊन पिकाला पुरेसा मिळत नाही आणि जस्ताची उणीव वारंवार दिसते. पालाश मात्र भरपूर असते. ‘कसदार’ हा शब्द आपण जरा सरसकट वापरतो.

आता पूर्णाकाठ यांच्या हरभऱ्याकडे येतो, कारण धाग्याचा खरा गाभा तिथेच आहे. अशी जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असे सुमारे १५० ते २५० मिलिमीटर पाणी साठवते. अकोल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण साडेसातशे-आठशे मिलिमीटर असतो, हे लक्षात घेता हा साठा फार मोठा आहे आणि बिनपाण्याच्या हरभऱ्याचे रहस्य तोच आहे. परंतु मातीत असलेले सगळे पाणी मुळांना मिळत नाही. स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांना चिकटलेले पाणी इतक्या ओढीने धरलेले असते, की ज्या ओलाव्यावर हलक्या जमिनीतले पीक टवटवीत राहील, त्याच ओलाव्यावर भारी जमिनीतले पीक माना टाकते. हाताला गार लागणारी तळाची माती म्हणूनच फसवी असते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे आणि ते खारपाणपट्ट्याचे खास आहे. कमी पावसाच्या हवेत मातीच्या पाण्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खडा होऊन बसतो. आपण पाहिलेले सुपारीएवढे खडे तेच. कॅल्शियम असा बाजूला पडला, की चिकणकणांवर त्याची जागा सोडियम घेऊ लागतो. कॅल्शियम कणांना एकत्र धरतो, सोडियम त्यांना सुटे करतो. सुटे कण बारीक छिद्रांत अडकतात आणि पाणी खाली जाण्याचा मार्ग बुजतो. जगभरच्या संकेताप्रमाणे विनिमयक्षम सोडियम, म्हणजे चिकणकणांवर बसलेल्या आणि अदलाबदल होऊ शकणाऱ्या सोडियमचा वाटा, १५ टक्क्यांच्या वर गेल्यावर जमीन चोपण (सोडियममुळे बिघडलेली) समजली जाते. पण पूर्णेच्या खोऱ्यातील अभ्यासात, चिकणमाती इतकी फुगणारी असल्यामुळे, पाच टक्क्यांच्या आसपासच निचरा बिघडू लागल्याचे आढळले आहे. अशा जमिनीत पहिला पाऊस भेगांतून झरझर खोल जातो. भेगा मिटल्या की पुढचा पाऊस वरच तुंबतो आणि मधला थर अर्धवट भरतो. आपला हरभरा त्या मधल्या थरावर जगत होता. खालच्या थरात मुळे शिरली नसतील, किंवा शिरूनही पाणी ओढू शकली नसतील.

याउलट संगमनेरसारख्या भागात काही काळ्या जमिनींत सोडियम पुष्कळ असूनही पाणी जिरते. तिथल्या बेसॉल्टमधले झिओलाइट हे खनिज हळूहळू कॅल्शियम पुरवत राहते. दोन्ही जमिनी डोळ्यांना एकसारख्याच काळ्या दिसतात.

ब्लॅकलँड | १४ मे

गेली अठरा वर्षे मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. धागा वाचून आमच्या अंगणातली माती आठवली. येथील ह्यूस्टन ब्लॅक ही माती टेक्सासची राज्य-माती म्हणून मानाने मिरवते आणि तिला अगदी अशाच भेगा पडतात. फरक इतकाच, की ती लाव्हापासून नव्हे, चुनायुक्त सागरी थरांपासून झाली आहे. येथे उन्हाळ्यात लोक झाडांना नव्हे, घराच्या पायाला पाणी देतात; पायाभोवती झिरपणारी नळी अंथरून माती सगळीकडे सारखी ओली ठेवतात, म्हणजे घर एका कोपऱ्यात खचत नाही. आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिने मला दोनदा विचारले की तू नक्की घरालाच पाणी घालतोस ना.

सिव्हिलवाला | १५ मे

ब्लॅकलँड यांची नळी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काळ्या जमिनीवरचे घर माती फुगते म्हणून फाटत नाही, ते माती असमान फुगते म्हणून फाटते. घराखालची माती पाऊस-ऊन न लागल्यामुळे स्थिर राहते, कडेची मात्र वर्षातून एकदा वर-खाली होते. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग पावसाळ्यात मिटते आणि मार्चमध्ये पुन्हा उघडते. दरवर्षी तिच्यात पुट्टी भरणारे घरमालक मी पाहिले आहेत. मी नोकरीत नवा असताना एका ठेकेदाराने काळ्या मातीवर सरळ तीन फुटांची पायाभरणी करून एका सुंदर बंगल्याची अशीच वाताहत केली होती, आणि ठपका मात्र सिमेंटवर ठेवला होता.

यावर दोन भारतीय उपाय आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलेला अंडर-रीम्ड पाइल हा पहिला. खाली कंदासारखा फुगवलेला काँक्रीटचा खांब साधारण साडेतीन मीटरपर्यंत नेतात, कारण त्या खोलीवर ऋतूंप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही. दुसरा उपाय आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आला. त्यात फुगणाऱ्या मातीवर चांगल्या, न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा सुमारे मीटरभर जाडीचा थर दाबून बसवतात. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी तो विशेष उपयोगी पडला.

गावोगावच्या जुन्या वस्त्या पांढरीवर का आहेत, याचेही एक कारण मला यात दिसते. काळी कसायला आणि पांढरी राहायला, ही विभागणी नुसत्या महसुली बोलीतली नव्हती.

पूर्णाकाठ यांना एक इशारा द्यावासा वाटतो. शेततळ्याच्या तळातून पाणी फारसे झिरपणार नाही, ती भीती नको. खरा धोका बांधाला आहे. सोडियमयुक्त खालच्या थराची माती बांधात घातली, तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पाण्यात त्याच भेगांच्या बाजू विरघळून आत बोगदे होतात. बांध वरून धडधाकट दिसत असतानाच तळे एका रात्रीत रिकामे होते. घरच्या घरी एक परीक्षा करा. प्रत्येक थरातले वाटाण्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने सोडा आणि पेला न हलवता पाहा. ढेकूळ नुसते विस्कटून तळाशी बसले तर हरकत नाही. त्याच्याभोवती गढूळ ढग पसरला, तर ती माती बांधात घालू नका.

मुरुमाड | १५ मे

अशा चोपण जमिनीतला सोडियम हटवण्यासाठी जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज घालतात असे ऐकले आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियमच असेल, तर ते बाहेरून विकत का आणायचे? जमिनीतच खडे पडले आहेत.

मृदगंध | १६ मे

नेमका प्रश्न आहे. कॅल्शियम आहे, पण कुलूपबंद आहे. सामू (pH) ८.५ च्या आसपास असताना चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, जिप्सम तिच्या तुलनेत पुष्कळ विरघळते. ते कुलूप आम्लाने उघडते. शेणखत, ढैंचाचे हिरवळीचे खत, मुळांचा श्वास, या सर्वांतून निघणारा कर्बवायू पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होते आणि थोडी थोडी चुनखडी मोकळी करते. म्हणून जिप्सम आणि हिरवळीचे खत ही एकाच कामाची जोडी समजावी. मात्र जिप्समची मात्रा माती परीक्षणातील विनिमयक्षम सोडियम पाहूनच ठरवावी आणि सुटलेला सोडियम वाहून जाण्यासाठी चर आधी काढावेत. निचऱ्याची वाट नसेल, तर तो वावरातच फिरत राहील. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी देऊन हे काम करू नये; त्यातून सोडियम परतच येतो.

पेरणीसाठी रुंद वरंबा व सरी पद्धत अवश्य करून पाहावी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ती खास अशा काळ्या जमिनींसाठी विकसित केली होती. आता बीबीएफ (ब्रॉड बेड फरो, म्हणजे हीच पद्धत) यंत्रामुळे सोयाबीन आणि हरभऱ्यासाठी ती सोपी झाली आहे. जास्तीचे पाणी सरीतून निघते, वरंब्यावरच्या मुळांना हवा मिळते आणि पावसात खंड पडल्यास तीच सरी ओल धरते.

डवरा | १६ मे

बीबीएफला दुजोरा देतो, पण वरंबे वाफशावरच पाडावेत. ओल्यात यंत्र घातले, तर सरीच्या बाजू गुळगुळीत लिंपल्या जातात आणि वाळल्यावर विटेसारख्या होतात.

पूर्णाकाठ | १९ मे

सर्वांचे आभार. ढेकळांची परीक्षा केली, आणि ती दोनदा करावी लागली.

पहिल्यांदा विहिरीचे पाणी घेतले. वरच्या थराचे, ६० सेंटिमीटरचे आणि दीड मीटरचे, अशी तिन्ही ढेकळे शांतपणे विस्कटून तळाशी बसली, पाणी स्वच्छ. मी खूश झालो. मुलीने विचारले की आपल्या विहिरीचे पाणी खारे आहे, मग ते स्वच्छ पाणी कसे? म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड पाणी तीन पेल्यांत ओतले. वरच्या थराचे ढेकूळ पूर्वीसारखेच वागले. ६० सेंटिमीटरच्या ढेकळाभोवती दहा मिनिटांत पुसट कडे आले. दीड मीटरच्या ढेकळातून अर्ध्या तासात धूर निघावा तसा ढग उठला आणि संध्याकाळपर्यंत पेल्याच्या पलीकडचे बोट दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो खाली बसला नव्हता.

मृदगंध | १९ मे

आपल्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. खाऱ्या पाण्यातले क्षार कणांना गोळा करून ठेवतात, म्हणून विहिरीच्या पाण्यात ढग दिसला नाही. पावसाचे पाणी डिस्टिल्डसारखेच असते आणि बांधावर पडणार आहे ते पावसाचे.

पूर्णाकाठ | २० मे

त्यानुसार खोदकामाची माती आता दोन ढिगांत वेगळी टाकतो आहे. वरच्या अर्ध्या मीटरची बांधासाठी, खालची वावराच्या सखल कोपऱ्यात. बांधाला वरून मुरमाचे आवरण देणार आहे. तो अर्थातच विकत आणावा लागेल आणि ट्रॅक्टरवाल्याने अंतर ऐकूनच भाडे वाढवले आहे. माती परीक्षणाचे नमुने तिन्ही थरांचे स्वतंत्र दिले आहेत. अहवाल आला, की याच धाग्यावर टाकतो.